आत्याबाई पाहू म्हणाल्या

३ जानेवारी, शनिवार
वीस वर्षांनी बी.एड. कामी आलं. सकाळी चहा गाळत होते, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "उमा, धाकटीला रीतभात तूच शिकव. तुला विंग्रजी येतंय. मी बोलले की ती नुसती हसतीय."
तर आजपासून मी मास्तरीण. शाळा: पाथरीतलं आमचं स्वयंपाकघर. पटावर एकच नाव.
लान. शिवा भाऊजींची बायको, माझी नवी जाऊ. व्हिएतनामची. हनोईत दोघं एका कंपनीत होती, तिथेच नोंदणी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. मोडकंतोडकं मराठी भाऊजींनीच शिकवलंय. आता भाऊजींना पुण्यात नोकरी मिळालीय. परवा घर बघायला गेले, जाताना म्हणाले, "वैनी, थोडे दिवस राहू द्या हिला. रीतभात शिकली की नेतो." किती शिकली म्हणजे पुरे, ते काही सांगितलं नाही.
घरात ती लान नाही, लता. गेल्या आठवड्यात पाहुण्यांसमोर ताटातल्या तांदळात नाव लिहिलं. तिने आज विचारलं, तुमचंही बदललं होतं का. म्हटलं हो, माहेरी मी स्वाती. "मग स्वाती कुठे गेली?" पहिल्याच तासाला बाईंनी विषय बदलला.
शिकवलं ते: सासूबाई म्हणायचं नाही, आत्याबाई म्हणायचं. (इथे आ.बा. लिहीन, तेवढीच शाई वाचेल.) मामांसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, डोक्यावर पदर. मला अक्का.

५ जानेवारी, सोमवार
अंघोळीशिवाय चुलीला हात नाही. कपाळाला विभूती लावल्याशिवाय चहा नाही. अंडं नाही, घरात त्याचं नावसुद्धा नाही. पुरुषांचं जेवण झाल्यावर आपण. झाडू उभा ठेवायचा नाही. तिन्हीसांजेला दारात बसायचं नाही.
सगळं भराभरा लिहून घेते, त्यांच्या लिपीत, डोक्यावर टोपी घातल्यासारख्या खुणा अक्षरांवर.
मग महिन्यातले चार दिवस.  खालच्या खोलीत बसायचं, लोणच्याला शिवायचं नाही वगैरे. तिने विचारलं, देवाला चालत नाही का?  आपल्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत, मठाचे स्वामी दर श्रावणात प्रवचनात सांगतात, आ.बा. पहिल्या रांगेत बसून मान डोलावतात. घरी आल्यावर खालची खोली आहेच. म्हटलं, देवाची हरकत नाही, आ.बा.ची आहे. हेही तिने लिहून घेतलं.

७ जानेवारी, बुधवार
आज हसून पोट दुखलं. कधीपासून असं हसले नव्हते.
संध्याकाळी ह्यांचा फोन आला, लानने उचलला. हे म्हणाले, "दुकान वाढवलं, येतोच." ती धावत मला सांगायला आली, अक्का, दुकान मोठं केलं. तिला समजावलं की आपण बंद केलं, फुटलं, संपलं असं म्हणत नाही. दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा, घरातलं मीठ संपलं तरी मीठ वाढलं. ती म्हणाली, म्हणजे जे संपतं ते वाढतं. हो.
मग पूजेला आ.बा. म्हणाल्या, "लता, नारळ वाढव." आणि जेवताना वाढ म्हटलं की काय करायचं ते मीच कालपरवा शिकवलेलं. लानने ताट घेतलं, मध्ये अख्खा नारळ ठेवला, बाजूला चमचाभर भात घातला आणि अदबीने नेऊन मामांपुढे ठेवला. मामा नारळाकडे बघत राहिले. आ.बा.सुद्धा हसल्या, पदर तोंडाला लावून.

८ जानेवारी, गुरुवार
सुजाताचा फोन. परभणीला बी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. ती जिंतूरला मुलींच्या निवासी शाळेत आहे, एवढी वर्षं. तिथल्या इंग्रजीच्या बाई सोडून चालल्यात. "स्वाते, तुझं नाव मी सांगून ठेवलंय. दोन फेब्रुवारीला रुजू व्हायचं. राहायला खोली शाळेतच. शनिवारी दुपारी सुटका, सोमवारी सकाळी हजर. डिग्री काय कपाटात पूजेला ठेवलीस का?"
बोलता बोलता तव्यावरची पोळी करपली.
ह्यांना सांगितलं. "आईला विचार की."
आ.बा.ना विचारलं. त्या वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पाहू."
झालं.

९ जानेवारी, शुक्रवार
झोप नाही. काल पुढे लिहवलं नाही.
आ.बा. नाही म्हणत नाहीत. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून नाही हा शब्द मी ऐकलेला नाही. आवाज चढत नाही, भांडं आपटत नाही. पाहू म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. विषय पुन्हा काढला की "पाहू म्हणलं की गं," असं अगदी मायेने. तिसऱ्यांदा काढायची आपल्यालाच लाज वाटते. लग्नाच्या पहिल्या वर्षी सेलूच्या शाळेत जागा होती, पाहू. उदगीरला आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, पाहू. आईची पट्टी निघाली, ती मोकळ्या डोळ्यांनी मलाच भेटायला आली, तेव्हा आ.बा.नी किती प्रेमाने ओटी भरली तिची. लेकीबरोबर, श्रेयाबरोबर, लातूरला खोली करून राहू का, बारावीचं वर्ष आहे, तर पाहू. ती हॉस्टेलला गेली.
कोणी मला मारत नाही. उपाशी ठेवत नाही. दाराला कडी नसते दिवसभर. कोणाला सांगायला गेले तर काय सांगू, कशाने गुदमरतं ते? सासू नाही म्हणत नाही म्हणून?

१० जानेवारी, शनिवार
लान सकाळी नाचत आली. पुण्याला कधी जाऊ विचारलं, आत्याबाई पाहू म्हणाल्या. बॅग भरून तयार. मोठी लाल, चाकांची. गादीवर बसून घड्या घालत होती, गाणं म्हणत होती.
बसवलं तिला समोर. आजचा धडा: पाहू. शब्दाचा अर्थ बघू या. या घरातला अर्थ नाही.
"पण त्या नाही म्हणाल्या नाहीत."
"म्हणतच नाहीत."
"मग हो असेल तर काय म्हणतात?"
आठवून पाहिलं. हो असेल तर विचारावंच लागत नाही, त्या आधीच सांगतात, हे कर म्हणून.
लानने बॅग पुन्हा उघडली. मग एकेक कपडा परत कपाटात. मी मदत केली नाही, करवेना. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, अक्का, हा शब्द फार हुशार आहे.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी
मिसळ भाज्यांचं खेंगट, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोण्याचा गोळा. लानने चार भाज्यांची नावं पाठ केली. भाकरी अजून नकाशासारखी होते, पण फुगली. आ.बा. म्हणाल्या, "हात बसायलाय हिचा." माझ्याकडे बघून म्हणाल्या, कौतुकाने. मला बरं वाटलं.
दुपारी ती हळूच म्हणाली, मासळीच्या वासाची स्वप्नं पडतात.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
देवळात ववसायला गेलो, दोघी जावा, सुगडं घेऊन. बोरं, हरभरा, उसाचे करवे. रांगेतली प्रत्येक बाई लानला हात लावून बघते. तिळगूळ घ्या गोड बोला. तिने विचारलं, आजच गोड बोलायचं का? म्हटलं, आपल्या घरी वर्षभर. तिला विनोद कळला. मला तो करताना कळला नव्हता.

१८ जानेवारी, रविवार
सुजाता तिळगूळ द्यायला आली, मुद्दाम जिंतूरहून, दोन एसट्या बदलून. आ.बा.नी हसून बसा म्हटलं. चहा आला तो फुलाफुलांच्या कपात. तो कप फळीवर वेगळा असतो. सुजाता पूर्वी दोनदा आलीय, दोन्ही वेळा तोच कप. ती बघते, पिते, काही बोलत नाही. मीही नाही. 
सुजाताने लानला विचारलं, तुमच्याकडे देव कुठला? लान म्हणाली, आम्ही बुद्धाला जातो, आजी रोज अगरबत्ती लावायची. सुजाता फुलली एकदम. "अरे, मग आपण एकच की. आम्ही पण बौद्ध." लानने तिचे दोन्ही हात धरले. आणि चहा तिला आवडतो म्हणून सुजाताच्या कपातला उरलेला अर्धा पिऊन टाकला.
आ.बा. देवघरात गेल्या. आता तो कप पुन्हा वेगळा ठेवायचा म्हणजे सुनेलाही वेगळं धरायचं.  कप दिवसभर मोरीत पडून होता. रात्री मी तो घासला आणि आमच्या कपांत ठेवून दिला. कोणी हलवला नाही अजून.
जाताना सुजाता म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत सांग. नाहीतर हेडमास्तर दुसरीला घेतील. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."
आ.बा. नंतर, भाजी निवडताना: "जिंतूर लय लांब पडतंय बाई."
मी: मग सांगू का नाही म्हणून?
"न्हाई कशाला म्हणायचं. पाहू की."

२० जानेवारी, मंगळवार
ह्यांच्याशी बोलले. नीट, न रडता.
"तू गेलीस तर घरात कोण?"
लान आहे की.
"ती नवीन हाय." मग, "मला काय, माझी ना न्हाई. आईचं मन मोडू नये एवढंच."
ना न्हाई. हो पण नाही. ह्यांचा स्वभाव गरीब आहे, सगळे म्हणतात. खरंच आहे. मला त्या गरिबीचाच राग येतो हल्ली. एकदा तरी आईसमोर उभं राहून माझ्या बाजूने वाक्य पूर्ण करावं.

२३ जानेवारी, शुक्रवार
आमच्याकडचं हळदीकुंकू. हे सगळं आजच लिहून ठेवायला हवं, उद्या मलाच खोटं वाटेल.
गल्लीतल्या सगळ्या होत्या. पेठेतल्या दुकानदारांच्या बायका, डॉक्टरीणबाई, शाळेतल्या दोघी बाई. लानला माझी जांभळी पैठणी नेसवली होती. हळदीकुंकवाचं ताट तिच्याकडे, अत्तरदाणी आ.बा.कडे, वाण मी वाटत होते, चहाची गाळणी.
डॉक्टरीणबाईंनी लानला विचारलं, "काय गं, करमतंय का आमच्यात?"
लान मराठीत म्हणाली, खणखणीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, "करमतं. पण अक्का आता जिंतूरला बाई होणार."
एकच हशा. बाई होणार म्हणजे? आत्ता कोण आहे मग? तिने गोंधळून न जाता पुन्हा सांगितलं. "शाळेत बाई. इंग्रजीची. अक्काने विचारलं. आत्याबाई पाहू म्हणाल्या."
माझ्या हातातली गाळणी खाली पडली.
डॉक्टरीणबाई उठल्याच. "आत्याबाई, लय चांगलं केलंत बघा. सुनेला या वयात पाठवायचं म्हणजे मन मोठं लागतं." मग सगळ्यांनी धरलं. शाळेतली एक बाई म्हणाली, माझ्या सासूला पाठवते तुमच्याकडे शिकायला. कोणी मला पुन्हा हळद लावली.
आणि आ.बा. नुसत्या हसत उभ्या. तेव्हा फक्त नाही म्हणायचं होतं. अहो, तसं नाही, एवढं म्हटलं असतं तरी संपत होतं. पण तो शब्द त्यांच्याकडे नव्हता, कधी वापरलाच नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या मनगटाला अत्तर लावलं आणि म्हणाल्या, "पाहू, कसं जमतंय ते." बायकांना तेही हो वाटलं.
लानने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार
आ.बा. बोलत नाहीत. जेवल्या नाहीत. बी.पी. बघायला कंपाउंडर आला.
फक्त एकदा, भिंतीकडे तोंड करून: "गावाला कळलं आता. मागं फिरावं तर लोक काय म्हणतील."
लानला परसात गाठलं. दहाव्या तारखेला तुला अर्थ सांगितला होता ना? ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात. चिमटा काढून म्हणाली, "अक्का, मी नवीन आहे. मला कुठे कळतं."
चेहरा बघितला. काही सापडलं नाही. परत दोरीकडे वळली. ती चुकली की तिने केलं, ते मला कधी कळणार नाही, आणि मी विचारणारही नाही.
सुजाताला फोन केला. "येते," म्हटलं. पलीकडे ती ओरडलीच.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी
अंगणात गोवऱ्या पेटवून दूध ठेवलं. लान धावली पातेलं उतरवायला. थांबवलं तिला. एरवी दूध उतू गेलं तर बोलणी बसतात, आज उतू जाऊ द्यायचं. विस्तवावर सांडलं, करपल्याचा वास गल्लीभर. आ.बा. खिडकीतून बघत होत्या. खाली आल्या नाहीत.

२८ जानेवारी, बुधवार
आ.बा.चा गुडघा सुजला. नणंदेला बोलावून घेतलंय, ती मंगळवारी येणार, म्हणजे दोन तारीख उलटल्यावर. हे म्हणतात, "महिनाभर थांब. मार्चपासून जा." सुजाता म्हणते मार्चमध्ये परीक्षा, कोण घेतंय तुला. सगळीकडून हळूहळू, गोडीने, आवळत आणतात. कोणी अडवत मात्र नाही.
आज ह्याहून वाईट झालं. भाऊजींचा ह्यांना फोन. घर मिळालंय, पण लानला इतक्यात नेत नाहीत. "वैनी जाणार म्हणतात, मग आईजवळ कोणीतरी पाहिजे. पाडव्यानंतर पाहू."
पाहू. पुण्यातही तोच.
आत्ता डोक्यात प्रकाश पडला. तीन तारखेपासून मी काय करत होते? पदर, विभूती, खेंगट, खालची खोली. हात बसायलाय हिचा, म्हणाल्या होत्या, आणि मला बरं वाटलं होतं. माझ्याच जागेसाठी तिला शिकवून तयार केलं मी. मी बाहेर पडले की किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला.
जाऊ नये असं वाटतंय. खरंच वाटतंय. आणि हेही वाटतंय की हे वाटणंसुद्धा ह्या घराचंच आहे.

३० जानेवारी, शुक्रवार
लानला सांगितलं, मी राहते. तू जा पुण्याला, मी भांडते भाऊजींशी.
ती चिडली. पहिल्यांदाच बघितलं. तिच्या भाषेत काहीतरी भराभरा बोलली, मग इंग्रजीत: तू राहिलीस तर दोघी राहू. तू गेलीस तर एक तरी गेली. मग मराठीत, बोट नाचवत, "तू बाई. मी नापास. मला इथे कोण ठेवेल?"
म्हणजे काय ते रात्री जेवताना कळलं. भाकरी पुन्हा नकाशासारखी. वरणात मीठ दोनदा. मामांसमोर पदर खांद्यावर. आ.बा. बघतच राहिल्या. लान गोड हसली.

१ फेब्रुवारी, रविवार
बॅग नव्हती माझ्याकडे. वीस वर्षांत लागलीच नाही, माहेरी जाताना पिशवी पुरायची. लानने तिची लाल बॅग आणून ठेवली. "घे. हिला भरून रिकामं व्हायची सवय आहे."
चार साड्या, चादर, बी.एड.चा दाखला. दाखल्यावर स्वाती. शाळेत सगळे त्याच नावाने हाक मारणार. वळून बघायला जमेल का मला.
श्रेयाचा फोन, लातूरहून. "मम्मी, तूपण हॉस्टेल?" हसत होती.  मग म्हणाली, जा.
हे सकाळी स्टँडवर सोडतो म्हणाले. आईला न विचारता म्हणाले. तेवढं लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी, सोमवार
बसमध्ये. अक्षर नीट येत नाही.
निघताना देवाला नमस्कार केला. आ.बा. पूजेला बसल्या होत्या, पाठमोऱ्या. पाया पडले, त्यांनी पाय आखडले नाहीत. विभूतीचा हात माझ्या कपाळाला लावला, न बोलता. मी लाल बॅग ओढत दारापर्यंत आले. दरवाजाच्या पायरीवर चाकं अडकली, लानने उचलून दिली. तिच्या कमरेला जुडगा नव्हता अजून. बघितलं मी.
हे गाडी चालू करून उभे. तेवढ्यात आतून पावलं वाजली, लंगडत. आ.बा. चौकटीला धरून उभ्या. पदर नीट नव्हता. इतक्या वर्षांत मला त्यांनी काही विचारल्याचं आठवत नाही, सांगायच्याच. आज विचारलं, आणि आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.
"शनवारी येतीस ना गं?"
येते म्हणायचं असतं. लानला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं, जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. तोंड उघडलं तेच म्हणायला.
"पाहू, आत्याबाई."
लान मागे उभी होती, तिने मान खाली घातली. आ.बा. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना नक्की कळलं असणार, त्यांचाच शब्द. मला मात्र गाडीवर बसल्यापासून कळत नाहीये. सेलू आलं. लोक उतरतायत, चढतायत, मी बॅगेवर पाय ठेवून बसलेय आणि तेच घोळवतेय की माझ्या पाहूचा अर्थ काय होता.